पुठ्ठ्याची पाचर

माझ्या एका फोनमुळे चारशे प्रगतिपुस्तकांची डोकी उडाली. शाळेचं नाव छापलेली वरची पट्टीच कापली गेली. चपलेला कुठला गोंद लावावा, एवढंच मला साडूभाऊंना विचारायचं होतं. ते छापखान्यात कागद कापतात. उजवा हात यंत्र चालवत होता आणि डाव्या हातातल्या फोनवर मी होतो.

हे जमायचं कसं, ते ऐका. त्या यंत्राला दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे दोन्ही हात पात्यापासून लांब. साडूभाऊंनी डाव्या बटणात पुठ्ठ्याची पाचर बसवून ते कायमचं दाबून टाकलं होतं. डावा हात फोनला मोकळा! मालकांना त्या दिवशी पाचर दिसली नाही, फोन दिसला.

"पुन्हा दिसला तर घरी बसा!"

म्हणून मेहुणीने नवऱ्याच्या मनगटावर पट्टा चढवला. फोनची दिवसाची वीस मिनिटं उलटली आणि तरी तो हातात असला, की पट्टा थरथरतो. वर तिच्याकडे चुगली करतो ती वेगळीच.

"कुत्र्याला घालतात तसला आणलास," साडूभाऊ कुरकुरले.

"कुत्रं हाकेला ओ तरी देतं."

महिन्याभरात फोन चार तासांवरून चौदा मिनिटांवर! साडूभाऊ जेवताना चक्क मान वर करून बोलू लागले. मेहुणीला आभाळ ठेंगणं झालं. मीही खूश होतो, काल छापखान्यात जाईपर्यंत.

पाचर होती तिथेच होती. डाव्या हाताला मात्र आता उद्योग नव्हता. तो आधी कमरेवर गेला, मग यंत्राच्या पाटावर. गठ्ठ्यातला एक कागद तिरका दिसला, तसा थेट पात्याखाली. बोटांनी कागद सारखा केला, हात बाहेर आला, धप्पकन पातं पडलं. पुढचा गठ्ठा. हात पुन्हा आत. या खेपेला जरा रेंगाळला. उजव्या हाताला वीस वर्षांची लय, तो कुणासाठी थांबत नाही. फोन होता तोवर डावा निदान कानाशी तरी असायचा.

"साडूभाऊ, आधी ती पाचर काढा! बोटं जातील!"

त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं.

"पट्टा थरथरला का? नाही ना? मग गप बस."