बिगर पेट्रोलची मॅच

"ताई, टाकी फुल करू का?" पंपावरच्या माणसाने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या स्कूटीत पेट्रोल पडायला लागलं. मागे-पुढे टीमचे झेंडे लावलेल्या मोटारसायकली, हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी पर्समध्ये पैसे शोधत होते.

"पैशे राहू द्या. रॅलीतल्या ना तुम्ही? दादांच्या नावावर हाय सगळं."

इतके दिवस खपून केलेला आमचा अहवाल त्या एका वाक्यात आडवा झाला होता.

मी जालन्यातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत अर्थशास्त्राचं काम करते. अर्थशास्त्र म्हटलं की लोकांना बजेटच्या दिवशी टीव्हीवर भांडणारी माणसं आठवतात. आमचं काम साधं असतं. कोणी पैसा ओतला, त्याने कोणाचं काय वाढलं, ते मोजून द्यायचं. या वेळचे क्लायंट होते सर्जेरावदादा, बियाण्यांचे मोठे व्यापारी. त्यांनी व्यावसायिक कबड्डी लीगमधली एक टीम विकत घेतली होती. सध्या मॅचेस अंबडला कॉलेजच्या मैदानावर व्हायच्या, पण दादांना टीमचं कायमचं होम ग्राउंड हवं होतं. डोळा होता अंबडच्याच आठवडी बाजाराच्या जागेवर. टीममुळे गावाचा धंदा वाढतो असं अहवालात आलं, की तो घेऊन ते नगरपालिकेत जागा मागणार होते.

आता धंदा वाढला हे मोजायचं कसं? दुकानदार खरी विक्री बायकोलाही सांगत नाही, मला काय सांगणार? पेट्रोलचं त्या मानाने बरं असतं. गावातल्या पंपांवर भाव जवळपास सारखा, तोही वरून ठरून येतो. त्यामुळे स्वस्त मिळालं म्हणून गर्दी झाली, असं होत नाही. भाव तोच आणि विक्री वाढली, तर बाहेरून माणसं आली असं धरता येतं. जोडीला आम्ही भोकरदनची विक्री घेतली, कारण तिथे मॅच नव्हती. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. औषध न दिलेला पेशंट, फक्त तुलनेसाठी. मॅचच्या दिवशी अंबडची विक्री उसळायची आणि भोकरदन ढिम्म. आमचे बॉस देशमुख सर एकदम खूश.

मला मात्र चैन पडेना. मैदानाजवळचे चहावाले म्हणायचे, मॅच असली काय नि नसली काय, धंदा तेवढाच. टाकी फुल करणारा माणूस घोटभर चहा पीत नाही? त्यात बाजारात बांगड्या विकणाऱ्या रझियाबींनी मला अडवलं.

"बाई, आम्हाला उठवायसाठीच मोजून राह्यल्या ना तुम्ही? बिलकुल खरं सांगा. माझी सासू बसायची या जागेवर. मंग आम्ही कुठं जायचं?"

"अजून काही ठरलं नाही," मी म्हटलं. ठरत आलं होतं, आणि ते माझ्याच अहवालावर. म्हणूनच मॅचच्या दिवशी मी स्वतः पंपावर जाऊन थडकले.

तिथूनच सरांना फोन लावला. "सर, पेट्रोल दादाच भरून देतायत."

"विकलं तर गेलं ना?"

"त्यांनीच विकत घेतलं. आपल्याच घरच्या लग्नात आपणच आहेर करायचा आणि वर म्हणायचं, बघा किती आला!"

"उद्या सबमिट करायचंय. एक फूटनोट टाका."

"अख्खा बाजार उठणार आहे सर, फूटनोट कसली टाकता?"

"मग दादांना तुम्हीच सांगा," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दादांच्या दुकानात गेलो. दादा चिडतील म्हणून मी तयारीत होते. ते चिडलेच नाहीत, आणि मला ते जास्त झोंबलं.

"त्यात लपवायचं काय?" ते म्हणाले. "लग्नाची वरात असो न्हाई तर मॅच, पोरं आणायची तर टाकी भरून द्यावीच लागती. अंकुशनगरून पोरगं येणार, त्याचा खर्चा कोण करणार?"

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

पंपावर आम्ही लिटर विचारले होते, पैसे कोणाचे ते विचारलं नव्हतं. माझं डोकं तापलं. "दादा, एक मॅच बिगर पेट्रोलची करा. माणसं आली, तर तुमच्या बाजूने नगरपालिकेत मी स्वतः उभी राहते."

सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण दादांना चेव आला होता. "करू की! माझ्या टीमसाठी पळत येतील लोकं."

पुढच्या मॅचच्या दिवशी मला एका जागी बसवेना. पंपावर चक्कर मारली, तिथे शुकशुकाट. मैदानावर आले तर दादा गेटवर उभे, नजर रस्त्याकडे. टीमचा रेडर, म्हणजे चढाई करणारा, आष्टीचा गजानन विचारत आला, "दादा, रॅली कुठं अडकली?" दादांनी नुसतं त्याच्या पाठीवर थोपटलं.

मॅच सुरू झाली. आसपासच्या गल्ल्यांतून पायी आलेली थोडी माणसं होती, बाकी खुर्च्या मोकळ्या. गजाननने एका चढाईत दोन गडी बाद केले, तेव्हा ती थोडी माणसं बेंबीच्या देठापासून ओरडली. मग पुन्हा शांतता. त्या शांततेत खेळाडूंच्या पायांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"म्हणजे आजवर मी पेट्रोलच्याच टाळ्या ऐकून राह्यलो होतो," दादा म्हणाले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. टीमवर त्यांचा खरंच जीव होता.

मी अहवाल नव्याने लिहिला. आपणहून मॅचला येणारी माणसं गावातलीच, पैसाही गावातलाच. एका खिशातला दुसऱ्या खिशात जातो, बाहेरून फारसा येत नाही. दादांनी तो वाचला आणि जागेची मागणी केलीच नाही. बाजार आपल्या जागी राहिला, टीम कॉलेजच्या मैदानावर. देशमुख सर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. विक्री वाढली असं कोणी सांगितलं, की मी आता आधी विचारते, पैसे कोणी दिले?

इलेक्शनच्या तोंडावर दादांचा पुन्हा फोन आला. या वेळी ते स्वतः उभे होते.

"मॅडम, आपल्या सभेला लई गर्दी होऊन राह्यली. किती मतं पडतील, मोजून देता का?"

"देते की. एक सभा बिगर पेट्रोलची घ्या."



"राहू द्या मंग," दादा म्हणाले.