जरा बाजूनं खेळा: नाशिकच्या नव्या फुटबॉल क्लबाच्या उद्घाटनाला

नाशिकला लोक रामकुंडासाठी जातात, द्राक्षांसाठी जातात. मी फुटबॉल बघायला गेलो. आमच्या पेठेतल्या चहाच्या गाडीवर हे सांगितलं तेव्हा चार जण हसले आणि पाचव्यानं विचारलं, तिथं गोलपोस्ट तरी आहेत का? कोल्हापूरकराला फुटबॉलमधलं सगळं कळतं, असं आम्हीच ठरवलेलं आहे. मीही त्यातलाच. पंधरा वर्षं पेठेच्या संघातून खेळलो, आता गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.

जायचं कारण होता माझा भाचा सुयोग. माझी ताई सायखेड्याला दिलेली आहे. सुयोग कॉलेजची तीन वर्षं आमच्याकडे राहिला आणि तेवढ्या काळात मी त्याला मधल्या फळीतला खेळाडू केला. केला म्हणजे रोज पहाटे मैदानावर नेऊन शिव्या घातल्या. ‘मधला माणूस मध्येच पाहिजे, कडेला पळालास तर घरी जेवायला येऊ नकोस,’ हे माझं ठरलेलं वाक्य. तर नाशिकमध्ये नवा व्यावसायिक क्लब निघाला होता, संघ बाहेरच्या खेळाडूंनी भरला होता आणि फक्त एक जागा स्थानिकासाठी ठेवली होती. उद्घाटनाचा सामना हीच त्या जागेची निवड चाचणी. सुयोगनं फोनवर सांगितलं आणि मी बॅग भरली.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर ऐका. कोल्हापूर ते नाशिक थेट गाडीच्या नादाला लागू नका. सकाळी लवकर पुण्याची एसटी धरा, पुण्यातून विजेवरची गाडी मिळते. दोन्ही मिळून खर्च हजाराच्या आत-बाहेर. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत संध्याकाळी नाशिक रोडला उतरता येतं. संगमनेरच्या थांब्यावर जेवू नका, तिथली भाजी बघूनच माझी भूक मेली होती. नाशिक रोडहून सायखेड्याला जायला संभाजीनगर रस्त्यानं चांदोरीपर्यंत आणि तिथून गोदावरीचा पूल ओलांडून पलीकडे. सुयोग मोटारसायकल घेऊन आला होता. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, टोमॅटो आणि क्लबाचे फलक. फलकांवर अध्यक्षांचा फोटो माणसाएवढा, खेळाडूंचे पासपोर्टच्या मापाचे. अध्यक्षांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. क्लबाचं नाव गोदा ग्लॅडिएटर्स, बोधचिन्हात द्राक्षाचा घड आणि त्यातून बाहेर आलेली तलवार. ती तलवार द्राक्षं कापायला की सामना जिंकायला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जेवताना दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शांतपणे बोलले. त्यांची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे आणि तीन वर्षं ते एकट्यानं ओढताहेत.

“पाहुणे, मी काय त्याला अडवत नाय. पण लय दिवस झाले या पळण्याला. उद्या घेतलं त्याला तर चांगलंच हाय. नाय घेतलं तर सोमवारपासून नर्सरीत.”

सुयोग मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला. मला दाजींचा राग आला नाही, माणूस खरंच बोलत होता. मी मोठ्या तोंडानं म्हणालो की उद्या हा मैदानाचा मध्य ताब्यात घेतो की नाही बघाच. ताईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या एका मळ्यात मिसळ खाल्ली. कोल्हापूरकरानं परगावची मिसळ चांगली म्हणू नये असा आमच्यात दंडक आहे, पण काळ्या मसाल्याचा रस्सा, भाजलेला पापड आणि झाडाखालची खाट, हे जमून आलं होतं. शंभराच्या वर पैसे गेले, रस्सा हवा तेवढा. त्यानंतर दिवसभरात चांगलं म्हणावं असं काही दिसलं नाही, म्हणून हे आधी लिहून टाकलं.

मैदान नाशिक रोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना आतल्या बाजूला आहे. रिक्षावाला दीडशे मागतो, शंभरात येतो. सामना चारला होता. आम्ही साडेतीनला पोचलो तर खेळाडू कोपऱ्यात उभे आणि मैदानाच्या कडेला पांढऱ्या कापडात गुंडाळलेले सोफे मांडलेले. साडेचारला भाऊ आले. मग सत्कार. व्यासपीठावरच्यांनी एकमेकांना शाली घातल्या, नारळ दिले, मग ज्यांनी दिले त्यांना इतरांनी दिले. संघाचा प्रशिक्षक केरळचा, मराठी येत नसलेला माणूस. तो दोनदा उठून सचिवांना घड्याळ दाखवून आला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्यांनी त्यालाही शाल घातली.

आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर, मधलं वर्तुळ भरून, रांगोळी होती. भाऊंचा चेहरा, गॉगलसकट. काढणाऱ्या तिघीजणी पहाटेपासून तिथं वाकल्या होत्या. काम असं सुबक की गॉगलच्या काचेत गोलपोस्टचं प्रतिबिंबसुद्धा दाखवलेलं. त्यांच्या कलेबद्दल माझी तक्रार नाही. पण फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यावर माणसाचं तोंड काढायचं आणि तिथूनच सामना सुरू करायचा, हे अख्ख्या समितीत एकालाही खटकू नये?

ते खटकलं थेट सामना सुरू होताना. पंचानं चेंडू ठेवायला पाय उचलला तो भाऊंच्या नाकावर पडणार, तेवढ्यात सचिव माइकवरून बोलले. “खेळाडूंना नम्र विनंती आहे, रांगोळीचे ड्रोनवरून फोटो घ्यायचे बाकी आहेत. ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावलेली आहे. तोपर्यंत रांगोळीवर पाय न देता, जरा बाजूनं खेळा.”

मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. पंचानं चेंडू उचलून भाऊंच्या कानापलीकडे ठेवला आणि सामना सुरू झाला. संघातले खेळाडू आणि चाचणीला आलेली स्थानिक पोरं वाटून लाल विरुद्ध पिवळे असा खेळ होता, सुयोग पिवळ्यात. बावीस तरणीताठी माणसं त्या चेहऱ्याला वळसा घालून पळत होती. चेंडू रांगोळीकडे गेला की दोन्हीकडचे कडेला थबकायचे आणि एक स्वयंसेवक अनवाणी, चवड्यांवर चालत जाऊन तो उचलून आणायचा. त्यात ढोलपथक. नाशिकच्या ढोलापुढं पंचाची शिट्टी त्याची त्यालाही ऐकू येत नसावी. शेजारी कॅम्पातून आलेले एक निवृत्त सुभेदार बसले होते. मी त्यांना विचारलं की हे असंच चालणार का. ते म्हणाले की असेल काही नवा नियम. मी पोट धरून हसलो आणि मोबाइलवर पेठेतल्या मित्रांना एकेक गोष्ट कळवत राहिलो.

हसता हसता माझं सुयोगकडे लक्ष गेलं. मधल्या फळीचा खेळाडू आणि मधला भागच बंद. तो रांगोळीच्या कडेनं इकडून तिकडे फिरत होता, पायात चेंडू क्वचित. पलीकडे प्रशिक्षक वहीत लिहीत होता आणि सुयोगसमोर लिहिण्यासारखं काहीच घडत नव्हतं.

मध्यंतराला मी दोरीपाशी गेलो. सुयोग धावत आला, घामानं निथळत.

“मामा, घुसू का मधी?”

मी सोफ्यांकडे बघितलं. भाऊ ज्यूस पीत होते, सचिव त्यांच्या कानाशी. हा पोरगा भाऊंच्या तोंडावर बूट देऊन पळाला तर ही माणसं त्याला ठेवतील का, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दाजींची नर्सरी डोळ्यांपुढं आली, ताईचा चेहरा आला.

“ड्रोन येऊन जाऊ दे,” मी म्हणालो. “तोवर जरा बाजूनं खेळ.”

त्यानं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि तो मान हलवून परत गेला. दुसरा भाग तो पूर्ण बाजूनं खेळला. ड्रोन आलाच नाही. सामना शून्य-शून्य सुटला.

शिट्टी वाजल्यावर बक्षीस समारंभासाठी भाऊ सोफ्यावरून उठले. व्यासपीठ समोरच्या कडेला होतं. कानाला मोबाइल लावून, मोठ्यानं बोलत, ते सरळ मैदानातून निघाले आणि स्वतःच्या कपाळावरून, गॉगलवरून, मिशीवरून चपलांनी चालत पलीकडे गेले. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. मागून सचिव, मागून सगळी समिती. त्या तिघीजणी दोरीपाशी उभ्या राहून बघत होत्या.

स्थानिक जागा रिकामीच ठेवल्याचं जाहीर झालं, तेव्हा मी प्रशिक्षकाला गाठलं. शाल अजून त्याच्या खांद्यावर होती.

“लडका अच्छा है, अंकल,” तो म्हणाला. “लेकिन मुझे बीच में खेलनेवाला चाहिए था. ये तो पूरा टाइम साइड में रहा.”

मी रांगोळीकडे हात केला. तिथं आता नुसती फिसकटलेली रंगीत पूड होती.

“वो तो सबके लिए थी,” तो म्हणाला. “किसी को तो जाना था ना. एक भी जाता, तो मैं उसको लेता.”

हे मी सुयोगला सांगितलं नाही. रात्री मोटारसायकलवरून सायखेड्याला परतलो. ताईनं दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि न विचारता पानं घेतली. दाजी एवढंच म्हणाले, “आराम कर उद्या. सोमवारी बघू.” सकाळी मी पहिल्या गाडीनं निघालो. ताईनं घरच्या टोमॅटोंची पिशवी दिली होती, ती पुण्यात गाडी बदलताना विसरलो.

कोल्हापुरात चहाच्या गाडीवर माझी वाट बघत होते. रांगोळी, गॉगल, शाल, सगळं मी साभिनय सांगितलं. सचिवांचं ‘जरा बाजूनं खेळा’ तर तीनदा सांगायला लावलं, लोक डोळे पुसेपर्यंत हसले. मध्यंतरापुढचं सांगितलं नाही.

परवा सुयोगचा फोन आला. नर्सरीत ढोबळी मिरचीची रोपं चांगली आली आहेत म्हणाला. मग म्हणाला, “मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सांगितलं म्हणून नाय, मलाच भ्या वाटलं.”

पोरगं खोटं बोलत होतं. त्याला भीती वाटली असती तर तो विचारायला आलाच नसता. मैदानात त्या दिवशी फक्त दोनच माणसांना मध्ये जायचं सुचलं होतं, एक भाऊ आणि एक सुयोग. आणि त्यातल्या एकाला मी अडवलं.