आषाढातली मोकळी जागा

ऑफिसचं कुलूप लावल्यावर चाचा ते तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा मला ओढायला लावायचे. मी वैतागून म्हणायचे, "चाचा, आत काय सोनं ठेवलंय का?" ते म्हणायचे, "सोनं गेलं तर परत घेता येतं, बेटा. आत नकाशे हायेत." मग स्टँडच्या वाटेवर अर्ध्यात थांबून पुन्हा विचारायचे, "तू ओढलं होतंस ना?" असल्या माणसाबरोबर मी तीन वर्षं काम केलं, आणि तेव्हा मला त्यांचा रागच यायचा.

चाचा बिलोलीचे. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर नांदेडच्या आमच्या लहानशा खाजगी ऑफिसात नकाशे तपासायला यायला लागले. मी देवणीची, कॉम्प्युटरवर तेच नकाशे रंगवणारी. मी हट्टाला पेटले की ते मला आमच्याकडच्या नावाजलेल्या बैलांवरून 'देवणीचा गोऱ्हा' म्हणायचे आणि वर चाचींनी डब्यात दिलेला कबाब माझ्या पुढ्यात सरकवायचे.

त्यांनी केलेली मोजणी कधी फिरली नाही, असं त्यांच्या भागातले लोक सांगायचे. त्यात हुशारीपेक्षा काळजीचा वाटा मोठा होता. एखाद्या तुकड्यावर 'पडीक' लिहायचं म्हटलं की चाचा पेन खाली ठेवायचे. "पडीक लिवलं की ती जागा कुणाच्याबी डोळ्यात भरते," असं म्हणायचे. त्यासाठी त्यांचा एक ठरलेला नियम होता. ती जागा ते आषाढात जाऊन बघायचे. आमच्याकडे आषाढात इंचभर रान मोकळं नसतं. सोयाबीन, तूर, मूग, काही ना काही पेरलेलं असतंच. आषाढात जे रान मोकळं दिसलं ते खरंच पडीक. हा नियम त्यांना आयुष्यभर पुरला.

मग ऑफिसला समुद्राचं काम आलं. नांदेडला बसून समुद्राचा नकाशा काढायचा म्हटल्यावर आम्हीच हसलो. काम असं होतं, की कोकणातल्या काही गावांच्या किनाऱ्यावर आज कुठली जागा कशासाठी वापरली जाते हे दाखवायचं. त्यावरून वरचे लोक पुढचा आराखडा करणार होते. बोटींचा धक्का कुठे बांधायचा, खारफुटी कुठे राखायची, रस्ता कुठून न्यायचा, पाणी वाढत गेलं तर गावानं कुठे सरकायचं, हे सगळं त्या आराखड्यात ठरणार होतं. जागेवर जाऊन बघायला साहेबांनी चाचांना पाठवलं, आणि ते नेमाप्रमाणे आषाढातच गेले. साठी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला. तिथून मला फोन केला, आधी लाटांचा आवाज ऐकवला. मग म्हणाले, "बेटा, याला बांधच न्हाई की गं."

पंधरा दिवसांनी कागदांची भेंडोळी घेऊन आले. त्यांच्या वळणदार अक्षरात प्रत्येक विहीर, प्रत्येक झाड. एका गावापुढच्या वाळूच्या मोठ्या पट्ट्यावर लिहिलं होतं, 'मोकळी, पडीक. काही लाकडी मेढी उभ्या आहेत, जत्रेच्या मांडवाच्या असाव्यात.' मी तो पट्टा पडीकाच्या पिवळ्या रंगात रंगवला. दोन महिन्यांनी वरून आराखड्याचा मसुदा आला. त्या पिवळ्या जागेवर पर्यटकांच्या गाड्या लावायचा तळ आणि धक्क्याकडे जाणारा रस्ता आखला होता. जागा मोकळी आहे, कुणाचं काही उठवावं लागत नाही, असं खाली लिहिलं होतं.

चाचा रोज बिलोलीहून बसनं येणं-जाणं करायचे. बाजाराच्या दिवशी परतताना नायगावला उतरून चाचींसाठी बोंबील घ्यायचे. मसुदा आल्याच्या आठवड्यात बाजारातल्या सुकटवाल्या मावशींशी ते बोलत उभे होते. आम्ही समुद्राचं काम करून राहिलो म्हणून जरा ऐटही मिरवली असणार. मावशींनी मोबाईलवर त्यांच्या व्यापाऱ्यानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. बोंबील कसे वाळवतात त्याचा. वाळूत ओळीनं मेढी रोवलेल्या, त्यांवर आडव्या काठ्या, आणि काठ्यांवर हजारो बोंबील टांगलेले. चाचांनी बोंबील तिथेच ठेवले आणि नांदेडला परत येणारी बस पकडली.

त्या दिवशी मी उशिरापर्यंत ऑफिसातच होते; ते आले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं भिजलेला होता. कुठेही गेले तरी तिथे पाणी देणाऱ्या माणसाचा फोन नंबर लिहून ठेवायची त्यांना सवय होती. त्या गावातल्या एका बाईंचा नंबर काढून त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "बाई, तुमच्या गावापुढं वाळूत मेढी हायेत, त्या कशाच्या?"

पलीकडच्या बाई हसल्या. "आमच्या बोंबलाच्या. तुम्ही आलात तेव्हा मासेमारी बंद होती ना. पावसाळ्यात त्या मोकळ्याच असतात. आता येऊन बघा, पाय ठेवायला जागा नाही."

चाचा खुर्चीत बसले. आषाढात आमचं रान भरतं आणि त्यांचं रिकामं होतं, एवढी साधी गोष्ट. तीस-पस्तीस वर्षं सांभाळलेला नियमच त्यांना घेऊन बुडाला. मी म्हटलं, "चाचा, रंग तर मीच भरला." ते म्हणाले, "तू माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून भरलास. पन्नास घरच्या बाया तिथं वाळवण घालत्यात म्हणं. त्या कागदावर न्हाईतच. म्यां पुसल्या."

हरकती द्यायला आठच दिवस उरले होते. साहेब म्हणाले, आता चूक कबूल केली तर पुढचं काम आपल्याला कोण देईल? गावकरी देतील की हरकत. चाचा साहेबांपुढे कधी मोठ्यानं बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला, मोजणीची टेप पिशवीत टाकली आणि निघाले. शुगरनं डोळे तेव्हाच अधू झालेले, तरी एकटे गेले. मी रोज फोन करायचे आणि रोज जिवाला घोर लागायचा.

चार दिवसांत त्यांनी त्या बायकांना सोबत घेऊन सगळं वाळवण मोजलं. कुणाची ओळ कुठली, टोपल्या कुठून येतात, बैलगाडी होती तेव्हाची वाट कुठली. शेवटच्या दिवशी फोनवर आवाज पार उतरलेला. "बेटा, आणखी एक काम निघालं. पहिली रांग भरतीला पाण्यातच असती आता. बाया म्हणत्यात, दर दोन-चार वर्षांनी एक रांग मागं घ्यावी लागती. मागं सरकारी सुरूची झाडी हाय. ती जागा दुसऱ्या कशाला दिली तर ह्या बाया जातील कुठं? आपल्या नदीकाठचा माणूस कडब्याची गंजी लावतानाबी वरची जागा राखून ठेवतो का न्हाई?"

म्हणून त्यांनी वाळवणामागे एक पट्टी आखली आणि त्यावर लिहिलं, 'सरकायची जागा.' मी नकाशा दुरुस्त केला. वाळवण तपकिरी, मागची पट्टी हिरवी. सोबतच्या पत्रात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मी चुकीच्या ऋतूत गेलो. चूक माझी आहे, ऑफिसची नाही.' मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते पत्र गेलं. महिनाअखेरीला साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना चाचांनी कुलूप ओढलं, मला ओढायला लावलं, आणि स्टँडच्या वाटेवर अजिबात थांबले नाहीत. मला त्याच दिवशी त्यांच्याबद्दल भीती वाटायला लागली.

त्यानंतर त्यांची नजर भराभर गेली. चाची फोनवर सांगायच्या, रात्रीतून चारदा उठून दाराची कडी चाचपतात आणि त्या बायांचं काय झालं म्हणून विचारतात. सुधारित मसुदा अजून आलाच नव्हता. वर्ष गेलं. गेल्या महिन्यात सुधारित मसुदा निघाला. मी तो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि बिलोलीला गेले.

चाचा बाजेवर बसले होते. मला आवाजावरून ओळखलं. "आला का गोऱ्हा?" मी नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला, त्यांचं बोट धरलं आणि तपकिरी रंगावर ठेवलं. "हे बघा वाळवण. सगळं घेतलंय. गाड्यांचा तळ काढला तिथून."

त्यांनी बोट दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग बोट सावकाश मागे सरकलं, बरोबर तेवढंच, जेवढी ती पट्टी होती. मापं त्यांच्या बोटातच होती. "आन ही? सरकायची जागा?"

त्यांच्या बोटाखाली करडा रंग होता. गाड्यांचा तळ वाळवणावरून उचलून नेमका मागे, त्या पट्टीवर ठेवला होता.

मी म्हटलं, "हाय, चाचा."

"कोण्या रंगात?"

"हिरव्या."

"हाव," ते म्हणाले, आणि नकाशाची घडी घालायला लागले. चाचींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दिसत होतं. त्या चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींचा फोन आला. म्हणाल्या, "काल एकदाबी कडी बघायला उठले न्हाईत. पहिल्यांदाच." मला आनंद व्हायला पाहिजे होता. उलट मी कॉम्प्युटरवर तो मसुदा पुन्हा उघडून त्या करड्या पट्टीकडे बघत बसले. जागेवर आहे त्यापेक्षा वेगळं सांगायचं, हे पाप चाचांच्या हातून नकळत घडलं होतं. मी ते जाणूनबुजून केलं, तेही त्यांच्यासमोर.

या मसुद्यावर हरकत द्यायला अजून बारा दिवस आहेत. अर्ज मी लिहिलाय, पण नांदेडला बसून लिहिलेल्या अर्जाची किंमत चाचांनीच मला शिकवली. त्या गावातल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, ये, काठ्या भरलेल्या आहेत, आणि यंदा दुसरी रांगही ओली होते. मी रजा टाकली, चाचांची टेप चाचींकडून मागवून घेतली आणि तिकीट काढलं. आज निघताना खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघितलं. तरी स्टँडच्या वाटेवर अर्ध्यात गेल्यावर परत फिरले.