परक्या गोलाला वाजवलेली टाळी

मंडळी, आत्ताच घडलेलं लिहिते.

माझा मुलगा संजय इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहतो. आज आपल्या संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, तो आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, सईला घेऊन गावच्या संघाचा फुटबॉल सामना बघायला गेला. संघ अगदी खालच्या फळीतला, पण माणसं अशी गात होती की जणू जगज्जेतेपदच ठरायचं आहे. मी इकडे नांदुऱ्यात बसून व्हिडिओ कॉलवर बघत होते.

पाहुण्या संघाने सुरेख गोल केला. सई उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

मागून शिव्या आल्या. बिअरचा ग्लास उडाला. एक धिप्पाड माणूस सईवर ओरडत खाली उतरला आणि फोन बंद पडला.

वीस मिनिटं कोणी फोन उचलेना. शेजारची शोभा म्हणाली, "मावशी, काऊन घाबरून राह्यल्या? साहेबाचा देश हाये तो!" साहेबाचा म्हणे! आमच्या कबड्डीतही डोकी फुटतात, पण टाळी वाजवली म्हणून लेकराच्या अंगावर कोणी धावत नाही.

शेवटी संजयचा फोन आला. "आई, आम्ही बाहेर आलो. सईले लागलं नाही. पण तिले हे कोनं शिकवलं?"

मीच. सुट्टीत आली तेव्हा इथल्या कबड्डीला नेऊन सांगितलं होतं, चांगला खेळ कोणाचाही असो, टाळी द्यायची. मला ते कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि त्या तिकडच्याच होत्या!

मग सईने फोन घेतला. "आजी, पुढच्या वेळी हात खिशात ठेवू?"

"उद्या सांगते" म्हणून मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. तुम्ही काय सांगितलं असतं?