डब्यात काही सुटत नाही

मालतीकाकूंचा डबा न खाल्लेला मराठी इंजिनिअर सिल्व्हासात विरळाच. पुण्या-नाशकाकडून कारखान्यांत आलेल्या एकट्या पोरांना त्यांनी वीस वर्षं जेवू घातलं. नवरा मुकुंदराव सरकारी कचेरीत कारकून. माणूस सरळ, पण हाताचा फार सैल. धाकट्या भावाने तोंड उघडायचा अवकाश, यांचा खिसा रिकामा! म्हणून लेकीच्या, भक्तीच्या लग्नासाठी काकूंनी एक खोटं धरून ठेवलं. "काय उरतं गं?" असं मुकुंदरावांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "डब्यात काही सुटत नाही. गॅसचा खर्च निघतो, झालं."

सुटत होतं. दर धनत्रयोदशीला थोडं सोनं तांदळाच्या पिंपात जायचं. लक्ष्मीपूजन झालं की काकू हिशेबाची जुनी वही दमणगंगेत सोडून यायच्या. सोन्याची पक्की पावतीही कधी घेतली नाही.

मग कचेरीतले मोठे साहेब लाच घेताना सापडले आणि हाताखालच्यांच्या घरांवर धाडी पडल्या. काकू दादऱ्याला डबे पोचवायला गेल्या होत्या. पिंपातून बत्तीस तोळे निघाले. मुकुंदराव बघतच राहिले. "बायकोची काही कमाई?" अधिकाऱ्याने विचारलं. बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं, "डब्यात काही सुटत नाही हो." तेवढं वाक्य पंचनाम्यात उतरलं.

पगारात न बसणाऱ्या संपत्तीचा हिशेब देता आला नाही, तर ती भ्रष्टाचाराचीच धरायची, असा कायदा आहे. चोरांसाठी तो हवाच, मी नाही म्हणत नाही. पण नदीत सोडलेली वही काकूंनी आणायची कुठून? त्यांनी पुण्याला सारंगला फोन केला. नऊ वर्षं डबा खाल्लेला पोरगा. तो म्हणाला, "काकू, तुमची आमटी अजून आठवते. पण कोर्टाचं नको ना, प्लीज."

काकू एकट्याच साक्षीला उभ्या राहिल्या. "मी नवऱ्याशी खोटं बोलले, साहेब."

"वीस वर्षं?" सरकारी वकिलाने विचारलं. "मग आज खरं बोलताय कशावरून?"

मुकुंदरावांना चार वर्षांची शिक्षा झाली. पोलीस त्यांना न्यायला आले, तेव्हा ते काकूंजवळ थांबले. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस तो. हळूच म्हणाला, "आता तरी खरं सांग मालती, डब्यात सुटत होतं का गं?"