कुजबुजे आणि शिलाई मशीनचा हप्ता

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यांत कमी दिसलेला माणूस म्हणजे आमचे प्रॉम्प्टर. चोवीस वर्षं ते विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर, मांडीवर वही घेऊन बसले आणि आम्ही विसरलेली वाक्यं आम्हाला पुरवत राहिले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही त्यांना कुजबुजे म्हणायचो आणि तेही त्या हाकेला ओ द्यायचे.

त्यांची कला सांगून समजायची नाही. एकदा भर दरबारात माझी स्वगताची आठ वाक्यं साफ पुसली गेली. समोर गच्च भरलेलं थिएटर, डोक्यावर मुकुट, तोंडात शब्द नाही. नट श्वास घ्यायला थांबलाय की विसरलाय, हे कुजबुज्यांना त्याच्या पाठीवरून कळे. माझ्या कानाशी पहिले दोन शब्द येऊन टेकले आणि राणीनं राज्य वाचवलं. टाळ्या मला पडल्या. नंतर मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "बाई, शांतता पडली की माझ्या पोटात खड्डा पडतो हो. मला सोसवतच नाही."

हा खड्डा त्यांना पुढे केवढ्याला पडणार होता, ते तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक!

कंपनी बुडाली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. त्यांना एका वाचनालयात नोकरी लागली. कुजबुजत बोलणं हीच जिथे पात्रता, तिथे त्यांच्याइतका लायक उमेदवार दुसरा कोण मिळणार? पगार मात्र आवाजाइतकाच बारीक. त्यात घर चाललं ते वहिनींमुळे. वहिनी शाळेचे गणवेश शिवतात. मशीन हप्त्यावर घेतलेलं, दीड खोलीच्या घरातल्या एकुलत्या एका खिडकीशी मांडलेलं.

घरखर्चाची वहिनींची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. कुजबुज्यांनी जुन्या नाटकांच्या वह्या जिवापाड जपल्या आहेत. त्यातली सर्वांत जाडजूड वही वहिनींनी ताब्यात घेतली आणि पगार झाला की तिच्या पानांत नोटा वाटून ठेवायला लागल्या. पहिल्या अंकात भाडं, दुसऱ्यात वाणी आणि वीज, तिसऱ्यात औषधं, आणि शेवटच्या प्रवेशात मशीनचा हप्ता. "यांना पाठ असलेली वही घेतली," त्या म्हणाल्या, "म्हणजे कुठल्या पानावर काय आहे ते विसरलो असं सांगायला नको."

विसरण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो त्या पोटातल्या खड्ड्याचा. कोणी दारात येऊन, "म्हणजे त्याचं असं आहे, की..." म्हणून अडखळलं, की कुजबुजे पुढचं वाक्य पुरवणारच. "जरा अडचण आहे का?" समोरचा मान हलवतो. "किती लागतील?" झालं! मागणाऱ्याला मागायचीही तसदी नाही. त्यांच्या धाकट्या भावानं मालवाहू टेंपोसाठी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हाही तेच. साहेबांनी विचारलं, "जामीन कोण?" भाऊ गप्प. साहेब गप्प. भिंतीवरच्या पंख्याचा तेवढा आवाज. आणि कुजबुजे म्हणाले, "मी."

टेंपो सहा महिन्यांत गॅरेजमध्ये जाऊन बसला. गेलं वर्षभर त्याचे हप्ते कुजबुज्यांच्या पगारातून कापले जातात.

त्या शनिवारी सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या त्या चपला न काढताच. मशीनचे दोन हप्ते थकले होते. सोमवारी दुपारी वसुलीवाला येणार होता आणि तीन हजार हातावर पडले नाहीत तर मशीन उचलून नेणार होता.

"बावीसशे आहेत शेवटच्या प्रवेशात," वहिनी म्हणाल्या. "तीस गणवेश सोमवारी सकाळी दुकानात पोचवले की आठशे येतील. मान मोडेपर्यंत शिवतेय. पण उद्या भावजी येणार आहेत. निरोप आलाय, दादाशी बोलायचंय म्हणून. काय बोलायचंय ते शेंबड्या पोरालाही कळेल!"

"मी देते ना आठशे," मी म्हटलं.

"नको. तुमचे घेतले तर तेही वहीत ठेवावे लागतील आणि वही फुगलेली दिसली की हे आणखी उदार होतात. बाई, तुम्ही एवढी नाटकं केलीत. यांना 'नाही' म्हणायला शिकवा. एक शब्द! दोन अक्षरं!"

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी मी तालीम घ्यायला बसले. मी भाऊ झाले, कुजबुजे कुजबुजेच राहिले. मी दारातून आत आले, चेहरा पाडला आणि म्हटलं, "दादा, म्हणजे कसं आहे..."

"गॅरेजवाला गाडी सोडत नाही का?" कुजबुज्यांनी विचारलं.

"अहो! हे वाक्य माझं आहे!"

"हो, पण तुम्ही थांबलात."

"मी थांबले तर थांबू द्या मला! मी तिथेच उभी राहून म्हातारी होईन, तुम्हाला काय त्याचं?"

सात वेळा तालीम झाली. पाचव्या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण भुवयांनी वाक्य सुचवलं. सहाव्या वेळी कपाळाला घाम फुटला. सातव्या वेळी त्यांनी "नाही" म्हटलं, आणि लगेच, "माफ करा हं," असंही म्हटलं. मशीनवरून वहिनी ओरडल्या, "ते दुसरं कापा!"

रविवारी दुपारी मी मुद्दाम तिथेच बसले, कॉलरचे धागे कापायच्या निमित्तानं. वहिनी पडद्यापलीकडे शिवत होत्या. भाऊ आला. दाढी वाढलेली, हात पँटच्या खिशात. खुर्चीच्या टोकाशी टेकला.

"दादा," तो म्हणाला, "मी जरा... म्हणजे कसं सांगू..."

आणि थांबला. मशीनही थांबलं. कुजबुज्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नाही. त्यांनी ओठ मिटले. मी मनात मोजत होते. पाच, सहा, सात. दिग्दर्शकांनीसुद्धा एवढी शांतता रंगमंचावर ठेवू दिली नसती. आठ.

"...अडचणीत आहेस," कुजबुजे म्हणाले.

भावानं चमकून वर पाहिलं. "अं? हो... म्हणजे, आहेच तशी."

"किती लागतील?"

मी खोकले. दोनदा खोकले. कातरी खाली पाडली. कुजबुजे कसले ऐकतायत! भावाचा खिशातून अर्धा बाहेर आलेला हात पुन्हा आत गेला. "हजारभर झाले तर..." तो म्हणाला. कुजबुज्यांनी वही घेतली आणि पानं न चाळता थेट शेवटचा प्रवेश उघडला.

पडदा सर्रकन बाजूला झाला. वहिनींच्या दातांत टाचणी होती, ती त्यांनी काढून बाहीला लावली आणि उघड्या वहीवर तळहात ठेवला.

"भावजी, खिशात काय परत ठेवलंत?"

"काही नाही, वहिनी."

"मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तुम्ही काहीतरी बाहेर काढत होतात. यांनी 'अडचणीत' म्हटल्यावर आत घातलंत."

भाऊ गप्प. कुजबुज्यांचे ओठ हलायला लागले.

"तुम्ही तोंडावर हात ठेवा," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "दोन्ही हात ठेवा! आणि भावजी, आज तुमचं वाक्य तुम्हीच बोलायचं. मला काही घाई नाही. तीस कॉलरी शिवायच्यात, तशी आहे, पण नाही."

मग जी शांतता पडली, ती सोसायला मी हाडाची नटी असूनही मला खुर्चीचा हात धरावा लागला. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. नळ ठिबकत होता. दोन्ही हातांच्या वर कुजबुज्यांचे डोळे पाण्यानं भरले. एखाद्याला चिमटा काढून गप्प बसवावं तसे ते बसले होते.

"गाडी भंगारात दिली," शेवटी भाऊ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला असावा. "त्यातून गॅरेजवाल्याचं भागवलं. नऊशे उरले. एवढे कमी कसे द्यायचे, कळत नव्हतं. वर्षभर दादानं भरलेत, त्यात हे काय... मग दादानंच विचारलं, आणि मी..." त्यानं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मग मला वाटलं, बरंच झालं."

"बरंच झालं!" वहिनी म्हणाल्या. "अहो, माणूस पैसे परत करायला आला होता. तुम्ही त्याला मागायला लावलंत! आता हात काढा तोंडावरून, श्वास घ्या."

कुजबुज्यांनी श्वास घेतला. भावाकडे पाहत म्हणाले, "चहा घेणार का?" त्यावर वहिनीसुद्धा हसल्या, पण कपाळावरची आठी तशीच ठेवून.

भावाला पुढच्या महिन्यापासून एका गोदामात काम लागणार होतं. "तिथून दरमहा काय द्यायचं ते मला सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "यांना नाही. यांच्यासमोर उभंही राहायचं नाही." नऊशेचं पाकीट त्यांनी पहिल्या अंकात ठेवलं, थकलेल्या भाड्यासाठी. मशीनचे आठशे त्या कॉलरींतूनच यायचे होते. त्या पुन्हा मशीनवर बसल्या. मी बटणं लावली आणि भावानं, टेंपो चालवणाऱ्या त्या राकट बोटांनी, घड्या घातल्या.

सोमवारी दुपारी वसुलीवाला आला. त्यानं तीन हजार दोनदा मोजले, पावती फाडली आणि निघून गेला. मशीन खिडकीशी होतं तिथेच राहिलं. पुढचे हप्ते आहेत, बँकेचं कर्ज आहे, पगार तेवढाच आहे. मी तिथे होते, म्हणून एवढं खात्रीनं सांगते, की त्या घरात कोणी सुटकेचा निःश्वासही नीट टाकला नाही, कारण पहिल्या अंकातलं भाडं अजून पोचवायचं राहिलं होतं.

"मी जातो घरमालकाकडे," कुजबुजे उठत म्हणाले. "नऊशेच तर द्यायचेत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचे घरमालक दम्याचे पेशंट, वाक्यावाक्याला थांबणारे.

वहिनींनी त्यांच्या हातातून पाकीट काढून घेतलं, चपला घातल्या आणि स्वतःच जिना उतरायला लागल्या.