काळी करंगळी

पोलिओच्या रविवारी आमच्या गल्लीत अंगणवाडीसमोर टेबल मांडतात. डोस घेतलेल्या मुलांच्या डाव्या करंगळीवर शाई लावतात, आणि मग ती मुलं दिवसभर करंगळी मिरवत हिंडतात. मला त्या काळ्या नखांचा फार हेवा वाटतो. त्यांच्यासाठी सकाळपासून भोंगा लावलेली रिक्षा फिरते. माझ्यासाठी कुणी फिरलं नव्हतं. आई नुसती पायाला तेल चोळत बसायची.

आज शेजारची नवी सून बाळाला घेऊन टेबलापाशी घुटमळत होती. मला म्हणाली, "काकू, दर वेळी कशाला पाजायचं? आता कुठे राहिलाय पोलिओ?"

"बाहेरच्या देशांत आहे अजून," टेबलामागच्या सिस्टर म्हणाल्या. "तिथला संपेपर्यंत पाजायचं."

सुनेला ते पटेना. तिने तो आजार पाहिलाच नव्हता. माझा पाय अपघातात अधू झाला, असंच ती समजत होती. तिच्या त्या न पाहण्याचा मला करंगळीपेक्षाही जास्त हेवा वाटला.

"माझ्या पायात राहिलाय," मी म्हटलं.

तिने माझ्या कुबडीकडे पाहिलं आणि बाळाचं तोंड उघडलं. सिस्टरनी बाळाच्या करंगळीवर शाई लावली. मग मीही माझी डावी करंगळी पुढे केली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेनचं टोपण परत काढलं.